प्रस्थान ते मावंदे

उन्हाळ्याची सुट्टी लागली म्हणजे आपल्या गावातील पुष्कळ घरांना कुलपे लागतात. कोणी कोकणात जातो, कोणी थंड हवेच्या ठिकाणी, कोणी काशी-प्रयागास, तर अलीकडे कोणी समुद्रापलीकडेही. वसंत ऋतूतील या व्याख्यानांना येणाऱ्या श्रोत्यांपैकी कित्येकांच्या घरी आज बॅगा भरण्याचे काम अर्धे झालेले असेल. अशा वेळी प्रवासातील सुरक्षिततेविषयी बोलावयाचे म्हणजे औषधाच्या गोळ्या, कुलपे, छत्री आणि पाण्याची बाटली यांची यादी वाचून दाखविणे, अशी कोणाची समजूत होण्याचा संभव आहे. तशी यादी देण्याचा आमचा विचार नाही. ती प्रत्येक गृहिणीजवळ आमच्यापेक्षा चांगली असते. गेल्या तीनशे वर्षांत आपल्याकडील माणूस घराबाहेर पडताना कशाला भीत होता, त्या भीतीवर त्याने कोणते उपाय योजले, आणि त्यांपैकी कोणते टिकले व कोणते फसले, एवढेच आम्हांला येथे पाहावयाचे आहे. हा प्रश्न इतिहासाचा आहे, आणि त्याचे उत्तर आजच्या प्रवाशाच्याही उपयोगी पडेल असे आम्हांस वाटते.

प्रस्थान ठेवणे

जुन्या काळी निघण्याचा दिवस पंचांग पाहून ठरे. मुहूर्ताच्या दिवशी काही अडचणीमुळे निघता आले नाही, तर प्रवासी आपले एखादे वस्त्र, तांदूळ, सुपारी असे काही फडक्यात बांधून दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवी. यास 'प्रस्थान ठेवणे' म्हणत. मुहूर्तावरील श्रद्धा ज्याची त्याने मानावी. पण या चालीचा एक लौकिक परिणाम असा होई की, अमुक गृहस्थ अमुक दिशेस निघाला आहे, हे गावात दहा घरी कळे. कोणी आपले देणेघेणे मिटवून घेई, कोणी त्या बाजूच्या नातलगाला द्यावयाची चिठ्ठी आणून देई, कोणी आपणही बरोबर येतो म्हणून सांगे. प्रवासी घरातून बाहेर पडण्यापूर्वीच त्याच्या प्रवासाला साक्षीदार मिळत.

काशीची यात्रा करून मनुष्य सुखरूप परत आला म्हणजे 'मावंदे' होई. गंगापूजन करावयाचे आणि इष्टमित्रांना जेवू घालावयाचे. प्रस्थान आणि मावंदे यांच्यामध्ये कित्येक महिने, क्वचित वर्ष-दोन वर्षे जात, आणि तेवढ्या अवधीत घरी बातमी येई ती कोणा परतणाऱ्या वाटसरूच्या तोंडून. मावंद्याचे जेवण हा धार्मिक विधी खरा. पण त्या पंगतीत सुटकेचा निःश्वासही असे.

मधल्या वाटेवर प्रवाशाला आधार कशाचा? पहिला आधार सोबतीचा. एकटा निघणारा माणूस विरळा. दुसरा आधार गावगाड्याचा. मराठी राज्यात रात्रीच्या पहाऱ्याची जबाबदारी रामोशी, जागले यांजवर असे. गावच्या हद्दीत चोरी झाली तर चोराचा माग काढावयाचा. तो माग शेजारच्या गावाच्या शिवेत शिरला असे दाखवून दिले की जबाबदारी त्या गावावर जाई. माग जेथे खुंटे, तेथील रखवालदारांनी माल शोधून द्यावा अथवा त्याची भरपाई करावी, असा शिरस्ता होता. पेशव्यांकडून घेतलेल्या मुलखाविषयी एल्फिन्स्टनने १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात या व्यवस्थेचे वर्णन आहे. शिरस्ता होता म्हणून तो दर खेपेस पाळला जाई असे नव्हे. तथापि परक्या माणसाची चीजवस्तू ही त्या गावाच्या अब्रूची बाब आहे, ही कल्पना त्यामागे होती.

याच व्यवस्थेची दुसरी बाजू झाकून ठेवता कामा नये. वाट दाखविणे, अंमलदाराचे ओझे पुढच्या गावापर्यंत पोहोचविणे ही कामे महारांच्या वाट्याला येत, आणि पुष्कळदा ती वेठ असे. ज्यांच्या पायांवर इतरांचा प्रवास सुखाचा होई, त्यांना स्वतःला प्रवासात काय मिळे, हा प्रश्न आपण पुढे घेणारच आहोत.

फौजेची सोबत

सोबत जितकी मोठी आणि जितकी सशस्त्र, तितका प्रवास निर्धास्त, असे साहजिकच कोणासही वाटेल. अठराव्या शतकातील दोन यात्रा या समजुतीचा कस लावून पाहतात.

पहिली यात्रा थोरल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई यांची. १७३५ साली त्या उत्तरेकडे निघाल्या आणि १७३६ मध्ये परत आल्या. त्या वेळी मराठे आणि बादशाही सरदार यांचे सख्य होते असे मुळीच नाही. तरीही उदेपूर-जयपुरास त्यांचा सत्कार झाला, आणि अवघ्या सहा वर्षांपूर्वी बुंदेलखंडात बाजीरावांशी लढलेल्या महंमदखान बंगशानेही त्यांचा आदरच केला. बरोबर माणसे होतीच. पण राधाबाईंची खरी राखण केली ती आधी झालेल्या पत्रव्यवहाराने, मुत्सद्द्यांनी जोडलेल्या ओळखींनी आणि शत्रूच्या आईलाही यात्रेकरू म्हणून मान देण्याच्या त्या काळच्या रीतीने.

दुसरी यात्रा पानिपतची. १७६० साली भाऊसाहेबांची फौज उत्तरेकडे निघाली तेव्हा हजारो यात्रेकरू तिच्याबरोबर गेले. एवढ्या मोठ्या फौजेच्या आसऱ्याने कुरुक्षेत्र, मथुरा, प्रयाग घडेल, वाटेत लुटारूंची भीती राहणार नाही, हा त्यांचा हिशेब वरवर पाहता चुकीचा नव्हता. परंतु फौजेचे काम लढण्याचे असते, यात्रेकरू सांभाळण्याचे नव्हे. वाटा तुटल्या, रसद बंद पडली, आणि जी तोंडे फौजेच्या आश्रयाने आली होती तीच फौजेच्या धान्यावर भार झाली. १४ जानेवारी १७६१ रोजी जे झाले त्यात बायकामुलांसह त्या यात्रेकरूंची जी दैना उडाली ती सर्वश्रुत आहे. सोबत निवडताना तिचे बळ पाहावे हे खरे. पण ती कोठे निघाली आहे आणि संकट आले तर ती आपल्याकडे पाहणार की आपल्या कामाकडे, हे त्याआधी पाहावे लागते.

रजेवर निघालेल्या शिपायाला ताकीद

यापुढचा दाखला आजच्या विषयाला इतका लागू आहे की, तो जरा विस्ताराने सांगितला पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कंपनीच्या बंगाल फौजेतील शिपाई रजा घेऊन घरी निघत ते साठविलेला पगार कमरेला बांधून. त्यांतील कित्येक घरी पोहोचतच नसत. रजा संपली तरी ते परतत नसत, आणि पलटणीत समजूत व्हावी की शिपाई पळाला. पुढे शोध लागला की गंगा-यमुनेच्या दुआबात ठगांच्या टोळ्या त्यांना वाटेतच गाठून मारीत होत्या.

१८१० साली मेजर जनरल सेंट लेजर यांनी या शिपायांसाठी एक हुकूम काढला. सुट्टीवर निघालेल्या माणसाने आपला जीव कसा सांभाळावा, याविषयीच्या आपल्या देशातील जुन्या लेखी सूचनांमध्ये त्याची गणना करावी लागेल. त्याचा मतलब असा होता: वाटेत भेटून 'आम्हीही तिकडेच निघालो आहोत' म्हणत बरोबर राहू पाहणाऱ्या आणि खोदून खोदून विचारपूस करणाऱ्या माणसांपासून सावध राहावे. ती निःशस्त्र दिसली तर अधिकच सावध राहावे. इतर मुक्कामकरी उठण्यापूर्वी अंधारात सराई सोडू नये, कारण उजाडत आले आहे असे भासवून मध्यरात्रीच बाहेर काढण्याची ठगांची युक्ती असे. अनोळखी माणसाने दिलेले पान, तंबाखू, मिठाई घेऊ नये, त्याचा हुक्का ओढू नये, कारण त्यांत धोतऱ्याचे बी घातलेले असे. होता होईल तो मोठ्या जमावाबरोबर किंवा स्वारांच्या पहाऱ्याबरोबर चालावे. आणि पैसा रोख न नेता वरातीने, म्हणजे एका खजिन्यात भरून दुसऱ्या खजिन्यातून घेण्याच्या चिठ्ठीने, पाठवावा.

ठगांचा विशेष असा की, ते आडरानात दबा धरून बसणारे दरोडेखोर नव्हते. ते सोबती होऊन येत. प्रवाशाला एकटेपणाची भीती असते हे ओळखून त्या भीतीवरच ते आपला धंदा चालवीत. पुढे १८३० च्या सुमारास स्लीमनने त्यांच्याविरुद्ध मोहीम चालविली आणि १८३६ साली त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. ठग म्हणजे देशभर पसरलेला एक गूढ धर्मपंथच होता, असे जे चित्र कंपनीच्या अधिकाऱ्यांनी रंगविले, त्यात अतिशयोक्ती पुष्कळ आहे असे अलीकडचे अनेक इतिहासकार मानतात. परंतु वाटेवरचे खून खरे होते आणि हुकुमातील शहाणपणही खरे होते. दोनशे वर्षे उलटून गेली. धोतऱ्याच्या जागी गुंगीचे औषध आले, मिठाईच्या जागी बिस्किटे व चहा आला, आणि रेल्वे आजही आपल्याला तेच सांगते: अनोळखी माणसाने दिलेले खाऊ नका. माणसाचा स्वभाव बदलला नाही, म्हणून सूचनाही बदललेली नाही.

अंगावर नसलेला पैसा

शिपायांना जे सांगावे लागले ते आपले सावकार आणि व्यापारी फार पूर्वीपासून करीत होते. पुण्यास पेढीवर रुपये भरावे, हुंडी घ्यावी आणि काशीस ती वटवावी. दाखविताच पैसे मिळतील ती दर्शनी, ठराविक दिवसांनी मिळतील ती मुदती. 'शहाजोग' हुंडी कोणा पत असलेल्या शाहूच्या, म्हणजे साहुकाराच्या, हातीच पटावयाची. चोराने ती पळविली तरी त्याच्याबद्दल हमी देणारा साहुकार त्याने आणावा कोठून? आज 'शहाजोग' हा शब्द आपण दांभिक सभ्यपणासाठी वापरतो, पण त्याचे मूळ या पतीत आहे. हुंडी हरवली तर 'पेठ' लिहून देत, तीही हरवली तर 'परपेठ'. अर्थात एक कागद जाईल हे गृहीत धरून दुसऱ्याची आणि तिसऱ्याची तजवीज आधीच केलेली असे. १८९१ साली अमेरिकन एक्स्प्रेस कंपनीने दोन सह्यांचा प्रवासी चेक काढला, त्याच्या मुळाशी असलेली कल्पना आपल्या पेढ्यांना नवी वाटली नसती.

पैशासारखीच ओळखही पुढे पाठविता येई. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी येथील क्षेत्रोपाध्यांच्या वह्यांत पिढ्यानपिढ्यांची नावे लिहिलेली असत. तेथे पाऊल टाकणाऱ्याने कुळ आणि गाव सांगितले की तो उपरा राहत नसे. अहल्याबाई होळकरांनी काशीस विश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभारले आणि घाट बांधला हे आपण अभिमानाने सांगतो. त्यांनी जागोजाग बांधलेल्या धर्मशाळा आणि चालविलेली अन्नछत्रे यांकडे याच दृष्टीने पाहिले पाहिजे. रात्री डोके टेकण्यास छप्पर असणे आणि माणसांची वर्दळ असणे, हा रस्त्यावरचा मोठाच बंदोबस्त होता.

हे सर्व असूनही प्रवास किती अनिश्चित होता, याचा पडताळा पाहावयाचा तर पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास' वाचावे. घरचे कर्ज फेडावे, मथुरेस बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळवावी, म्हणून ते १८५७ साली काकांबरोबर निघाले. महूच्या आसपास शिपायांनी त्यांना होऊ घातलेल्या बंडाची खबर दिली, तरी ते पुढेच गेले. झाशीच्या वेढ्यात सापडले. मिळविले ते लुटीत गमावून बसले. पुढे जन्मभर पुरेल एवढ्या आठवणी आणि आईवडिलांसाठी खांद्यावरून आणलेली गंगेची कावड, एवढी कमाई घेऊन ते परतले. त्यांचे हे पुस्तक चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केले. काका-पुतण्यांना तारले ते त्या मुलखात जागोजाग असलेल्या मराठी घरांनी. बुडविले ते, संकटाची आगाऊ वर्दी मिळूनही न फिरण्याने. निघालो आहोत तर पोहोचलेच पाहिजे, हा हट्ट प्रवाशाचा जुना वैरी आहे.

दिंडीची शिस्त

आपल्याकडे सोबतीचे शास्त्र परिपूर्ण झाले ते पंढरीच्या वाटेवर. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचे रूप एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी दिले. हे शिंद्यांच्या पदरी होते. परंपरा असे सांगते की, ग्वाल्हेरीहून गावी परतताना सातपुड्यात लुटारूंनी त्यांना गाठले आणि गुहेत कोंडले. तेथे त्यांनी हरिपाठ चालविला, पुढे त्यांची सुटका झाली आणि ते आळंदीस येऊन राहिले. ही कथा शब्दशः घ्यावी की न घ्यावी, हे ज्याचे त्याने ठरवावे. वाटेत लुटला गेलेला प्रवासीच इतक्या सुरक्षित पायी प्रवासाची घडी बसवितो, यातील औचित्य मात्र नाकारता येत नाही.

ही घडी कशी आहे ते पाहा. प्रत्येक दिंडीला क्रमांक आहे आणि तिची जागा रथाच्या पुढे की मागे हे ठरलेले आहे. दिंडीतला माणूस विणेकऱ्याला ओळखतो आणि दिंडी त्याला ओळखते. मुक्कामाचे गाव, विसाव्याची जागा, तंबू पुढे नेणारी माणसे, सारे ठरलेले. संध्याकाळी समाजआरतीच्या वेळी चोपदाराने हात वर केला की हजारो टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवीत राहते, आणि तिचे म्हणणे ऐकून घेतले जाते. हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तूंची नावे तेथेच पुकारली जातात. लाखोंच्या समुदायात एका म्हातारीचे हरवलेले गाठोडे ही सर्वांच्या कानावर घालण्याची गोष्ट ठरते.

याच्या उलट चित्रही आपल्या देशाने पाहिले आहे. ३ फेब्रुवारी १९५४ रोजी प्रयागच्या कुंभमेळ्यात शेकडो माणसे चेंगरून मेली. २५ जानेवारी २००५ रोजी आपल्या सातारा जिल्ह्यात, वाईजवळच्या मांढरदेवीच्या यात्रेत तीनशेच्या जवळपास बळी गेले. माणसे दोन्हीकडे भाविकच होती. पण अरुंद वाटेवर पुढच्याला मागचा ठाऊक नव्हता आणि मागच्याला पुढे काय झाले ते कळत नव्हते. गर्दी म्हणजे सोबत नव्हे. दिंडीत वीस माणसांमागे एक जण चुकला तर संध्याकाळपर्यंत कळते. गर्दीत वीस माणसे पायांखाली गेली तरी पन्नास हातांवर त्याचा पत्ता लागत नाही.

आगगाडी आणि पटकी

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास गाडी गेली, १८६३ साली भोर घाट खुला झाला, १८७० मध्ये मुंबईची गाडी जबलपुरावरून कलकत्त्याच्या मार्गाला जोडली गेली. महिन्यांचा प्रवास दिवसांवर आला आणि ठगांच्या भयकथा आजीबाईंच्या गोष्टींत जमा झाल्या. पण भीती गेली नाही. तिने रूप पालटले. आता वाटमाऱ्याची जागा पटकीने घेतली. १८६७ च्या हरिद्वार कुंभात लाखो माणसे जमली आणि परतताना रोग बरोबर घेऊन गेली; पंजाबात गावोगाव मृत्यू पसरला. यात्रेकरू पूर्वी महिना चालून घरी येई तोवर रोगी वाटेतच बरा होई वा मरे. आगगाडीने माणसाबरोबर रोगही वेगाने घरी पोहोचविला.

येथे उपाय आला तो शास्त्राचा. १८८४ साली कॉखने कलकत्त्यात तळ्याच्या पाण्यात पटकीचे जंतू दाखविले. हाफकिनने १८९२ साली पटकीची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि पुढल्या वर्षी तो हिंदुस्थानात आला. आणि १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून, शंभरी तीसच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण शंभरी चारच्या आत आणले. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा: एवढे सूत्र पाठ असलेला प्रवासी बैलगाडीच्या काळातील राजापेक्षाही सुरक्षित आहे. मात्र त्याने जुलाब होताच ते पाजण्यास आरंभ केला पाहिजे आणि दवाखान्याची वाटही धरली पाहिजे.

जेथे तयारी पुरी होती

आतापर्यंत आपण प्रवाशाची तयारी पाहिली. पण तयारी सर्व तऱ्हेने पुरी असूनही प्रवास जिवावर बेततो, असा एक प्रसंग महाराष्ट्राच्या इतिहासात नोंदलेला आहे, आणि तोही सुट्टीतल्याच प्रवासाचा.

१९०१ साली साताऱ्यास राहणारी काही मुले उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांकडे निघाली. वडील खटाव तालुक्यात गोरेगाव येथे दुष्काळी कामावर खजिनदार होते. मुलांनी नवे कपडे शिवले, जरीच्या टोप्या आणल्या, डब्यात जेवण घेतले, भाड्याचे पैसे घेतले, आणि अमक्या दिवशी येतो म्हणून पत्र टाकले. आजच्या कोणत्याही सुजाण कुटुंबाने यापेक्षा अधिक काय केले असते? ती मसूर स्टेशनावर उतरली, पण न्यावयास कोणी आले नव्हते. नोकराने ते पत्र वडिलांच्या हाती दिलेच नव्हते. स्टेशनमास्तरांनी प्रथम आपुलकीने चौकशी केली. मुले महार आहेत असे कळताच ते मागे सरले. बाहेर गाड्या उभ्या होत्या, पण एकही गाडीवान या मुलांना बसवून न्यावयास तयार होईना. अखेर दुप्पट भाडे घेऊन एक जण कबूल झाला, तो या अटीवर की गाडी मुलांनी हाकावी आणि तो बाजूने चालेल. रात्र पडली. डब्यात अन्न होते, पण प्यावयास पाणी नव्हते, आणि वाटेत जकातनाक्यावर मागितले तरी मिळाले नाही. मुले उपाशी आणि तहानलेलीच झोपली. त्या मुलांतील दहा वर्षांच्या एका मुलाचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. पुढे त्यांनी स्वतःच हा प्रसंग लिहून ठेवला.

या मुलांच्या गाठोड्यात काहीच कमी नव्हते. कमी होते ते वाटेवर. धर्मशाळा, अन्नछत्रे, क्षेत्रोपाध्यांच्या वह्या, शाहूंच्या हुंड्या, पुढच्या गावापर्यंत वाट दाखविणारा वेसकर, ज्यांचे गोडवे आम्ही आतापर्यंत गायिलो, त्या सर्व सोयी काहींसाठी होत्या आणि काहींसाठी नव्हत्या; आणि ज्यांच्या वेठीवर त्या उभ्या होत्या, त्यांच्या मुलांना त्याच जिल्ह्यात घोटभर पाणी मिळत नव्हते. प्रवाशाची सुरक्षितता जितकी त्याच्या तयारीत असते तितकीच वाटेवरच्या समाजाच्या मनात असते, हे या एका रात्रीने जसे शिकविले तसे दुसऱ्या कशानेही शिकविले नसेल.

आजचे प्रस्थान

आज आपण निघतो तेव्हा तिकीट, पैसा, नकाशा, ओळखपत्र आणि घरच्यांचा पत्ता हे सारे एका लहानशा फोनमध्ये असते. सोय मोठी आहे, यात शंका नाही. पण हुंडीच्या काळच्या माणसाने यावर एकच प्रश्न विचारला असता: याची पेठ कोठे आहे, परपेठ कोठे आहे? फोन पाण्यात पडला, चोरीस गेला अथवा नुसता विझला, तर हुंडी, वाटाड्या आणि क्षेत्रोपाध्याय तिघेही एकदम नाहीसे होतात. म्हणून चार दूरध्वनी क्रमांक आणि मुक्कामाचा पत्ता कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात असावा, लहान मुलांच्या तर अवश्य असावा. थोडे पैसे दोन ठिकाणी असावेत. आणि कोठे, कोणत्या वाटेने, केव्हापर्यंत, हे मागे राहणाऱ्या एका तरी माणसाला ठाऊक असावे. प्रस्थान ठेवणे म्हणजे दुसरे काय होते? संकटात ११२ हा क्रमांक आणि रेल्वेत १३९ हा क्रमांक आज हाताशी आहे, तोही मुलांकडून पाठ करवून घ्यावा.

दुसरी गोष्ट वाटाड्याची. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडच्या समुद्रात सहलीला गेलेले डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. २०२४ च्या जूनअखेर लोणावळ्यास भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण डोळ्यांदेखत वाहून गेले. भरती-ओहोटीचे वेळापत्रक किनाऱ्यावरच्या कोळ्याला तोंडपाठ असते. डोंगरात वर पाऊस पडला की ओढा किती पळांत फुगतो, हे तेथील गुराख्याला ठाऊक असते. जुना प्रवासी गावाच्या वेशीत शिरताच वाट विचारी, पाणी विचारी, पुढच्या मुक्कामाची खबर विचारी. आपण विचारावयाचेच सोडून दिले आहे, कारण आपल्याला सर्व माहिती आधीच मिळालेली असते. पाण्याची खोली मात्र छायाचित्रात दिसत नाही.

तिसरी गोष्ट आपल्याकडे, येथे मागे राहणाऱ्यांकडे आहे. सुट्टीत आपण जसे बाहेर जातो तसे कोणी तरी आपल्या गावीही येतो. आपल्या नदीतला डोह आपल्या पोरांना ठाऊक असतो, पाहुण्याला नसतो. त्या जागी ठळक पाटी आहे काय? रात्रीच्या गाडीने उतरलेल्या एकट्या बाईला स्थानकाबाहेर उजेड आणि माणुसकीने बोलणारा रिक्षावाला मिळतो काय? चैत्र लागला म्हणजे आपल्याकडे पाणपोया बसतात. तेथे पाणी देताना कोणी कोणाचे नाव-गाव, जात विचारीत नाही ना? हे प्रश्न नगरपालिकेचे आहेत तसे आपलेही आहेत. गावच्या शिवेत परक्याचे नुकसान झाले तर गावाने उत्तर द्यावे, हा जुना शिरस्ता वेठीविना आणि भेदाविना पुन्हा मनावर घेण्याजोगा आहे.

आता सुट्टी लागलीच आहे. ज्यांचे प्रस्थान ठेवून झाले आहे त्यांनी सुखाने जावे, वाटेत विचारीत जावे, आणि पुढे धोका आहे असे कळताच परत फिरण्यात कमीपणा मानू नये. मावंद्याला आम्ही येऊच. आणि त्या दिवशी आपल्या गावी उतरलेला एखादा परगावचा वाटसरूही त्या पंगतीत असावा, एवढीच इच्छा आहे.